मागची हाक

राजवाड्यालगतच्या उतारावर ट्रकने बर्फ ओतला आणि त्या ढिगाऱ्यात उल्रिकाला संत्र्याचं साल दिसलं. एकच तुकडा, तळहाताएवढा, कडेने वाळलेला. ती खांद्यावर स्कीची लांब पिशवी घेऊन दोरीच्या अलीकडे उभी होती. मोसमाच्या शेवटच्या स्पर्धेला, जिच्यासाठी नॉर्वेच्या बायका खास विमानाने आल्या होत्या, त्या स्पर्धेला ती आपल्या भाड्याच्या घरातून मेट्रोने आली होती, उभ्याने, पिशवीचं टोक कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून माफी मागत. समोरच्या बाकावरच्या म्हातारीने विचारलंही होतं, "वसंत आला की गं. आता हे घेऊन कुठे निघालीस?" "कामावर," उल्रिका म्हणाली होती, आणि म्हातारीने लगेच खिडकीकडे तोंड फिरवलं होतं, कारण स्टॉकहोममध्ये एका प्रश्नाच्या पुढे बोलणं म्हणजे अंगचटीला जाणं. शहर खरंच मोकळं झालं होतं. फुटपाथवरची हिवाळ्यातली खडी झाडून झाली होती. हॉटेलांबाहेर लोक मांडीवर घोंगडी घेऊन, उन्हाकडे तोंड करून, डोळे मिटून बसले होते, आणि इथे राजवाड्याभोवती सरकारी खर्चाने हिवाळा परत आणून पसरत होते. फावडं घेतलेल्या एका कामगाराने तिच्याकडे पाहिलं. "काय बघतेस? शिळा आहे, पण चालेल. कुठल्याशा टेकडीवरचा उचललाय. तुम्हा लोकांपायी आमचा हिवाळा काही संपत नाही." "या रविवारी संपतो," ती म्हणाली. "माझा तर कायमचाच." "मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि फावड्याचा एक फटकारा मारून त्याने ते साल बर्फाखाली घातलं. थांब, असं तिला म्हणायचं होतं. पण एका सालासाठी कुणी ओरडतं का, म्हणून ती पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन तंबूकडे गेली.

संत्रं म्हणजे पप्पा. ईस्टरच्या सुट्टीत, तळ्यावरचा बर्फ जेव्हा सकाळी काचेसारखा आणि दुपारी लापशीसारखा होतो, तेव्हा ते तिघं स्कीवरून पलीकडच्या काठाला जायचे. पप्पा रेनडिअरचं कातडं अंथरायचा, थर्मासमधली कॉफी ओतायचा, त्यात चीजचे तुकडे टाकायचा आणि मग संत्रं सोलायचा, अंगठ्याने, एका दमात, साल कुठेही न तुटता. सालं बर्फातच पुरायची. मम्मा ओरडायची की कचरा करतोस, एवर्ट, आणि तो म्हणायचा, वसंतात हरणं खातात. कुठलं हरीण संत्र्याची सालं खातं कोण जाणे, पण पप्पा म्हणाला म्हणजे खात असणार. तो दिवसभर जंगलातून लाकडं वाहणारा ट्रक चालवायचा आणि संध्याकाळी बर्फावरच्या स्कूटरला लोखंडी सांगाडा बांधून, त्यावर वजनाला सिमेंटचं पोतं ठेवून गावासाठी चाकोरी पाडायचा. स्की सरकायला दोन समांतर खाचा, शेवटच्या घरापासून दलदल ओलांडून थेट तळ्यापर्यंत. गाव असं की दुकानात शेजारी भेटला तर मान हलवायची, आणि अगदीच निकड पडली तर श्वास आत ओढून "हो" म्हणायचं, बाहेर सोडून बोलण्याइतका श्वास कुणी कुणावर खर्च करायचं नाही. पण चाकोरीत मात्र ओरडायचं. मागून येणारा जोरात असला की त्याने "बाजू!" म्हणून हाक द्यायची आणि पुढच्याने एक पाऊल बाहेर, भुसभुशीत बर्फात व्हायचं. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेले दोन सख्खे भाऊ होते गावात, तेसुद्धा चाकोरीत एकमेकांना हाक द्यायचे आणि सोडायचे. पप्पाचं शास्त्र सोपं होतं. "मागून हाक आली की बाहेर व्हायचं. कोण आहे, कशाला आहे, बघायचं नाही. आणि हाक आली नाही तर मुळीच बाहेर व्हायचं नाही. उगाच बाहेर होणारा स्वतःचीही लय मोडतो आणि मागच्याचीही." ती लहान होती, पुढे असायची, पाय तोकडे, आणि तो मागून तिच्या गतीने यायचा, कंटाळा न करता, कसलंसं गुणगुणत. तिला हाक हवी असायची. हाक आली की आपण कशी चटकन उडी मारून बाहेर होतो हे त्याला दाखवायचं असायचं. मान वळवून ती म्हणायची, "पप्पा, ओरड ना!" आणि तो म्हणायचा, "मला कुठे जायचंय?"

स्पर्धा चार शर्यतींची होती, चारींची वेळ मिळून एकूण निकाल लागायचा. त्या दिवशी राजवाड्याभोवतीच्या पहिल्या, छोट्या शर्यतीत ती दुसऱ्याच फेरीत बाहेर पडली. त्याचं तिला काही वाटलं नाही. एका दमात संपणारं धावणं तिचं नव्हतंच, तिचं काम नेहमी नंतर सुरू व्हायचं, जेव्हा इतरांचं संपत आलेलं असतं. संध्याकाळी उरलेल्या शर्यतींसाठी संघाची बस फालून गावाला निघाली. शेजारी टिल्डा येऊन बसली, संघातली सगळ्यांत लहान पोरगी, तांबूस भुवयांची, नाकावर उन्हाने सोललेली कातडी, आणि हातात दालचिनीचा पाव, कारण टिल्डाच्या हातात सतत काहीतरी खायचं असायचं. "तुला माहितीये," ती तोंडात घास ठेवून म्हणाली, "माझ्या भिंतीवर तुझा फोटो होता. ज्यात तू पडली आहेस आणि हसते आहेस." "मी हसत नव्हते. दात ओठात रुतला होता." "असू दे. मला वाटायचं हसतेयस, म्हणून मी स्की शिकले." मग तिने पाव संपवला, बोटं चाटली आणि एकदम मोठी झाल्यासारखी म्हणाली, "स्टेलान म्हणाला, एकूण निकालात पहिल्या तिघींत आले तर पुढच्या वर्षीही राष्ट्रीय संघात. नाहीतर परत गावाकडे, काकांच्या लाकडाच्या वखारीत." "असं म्हणाला?" "असं नाही म्हणाला. म्हणाला, बघू. पण तू ओळखतेस ना त्याला." उल्रिका ओळखत होती. स्टेलान त्यांचा प्रशिक्षक, ओठाखाली तंबाखूची पुडी दाबून बोलणारा, आणि "बघू" म्हणजे नाही, "बघू या" म्हणजे कदाचित, एवढा फरक शिकायला तिला दोन मोसम लागले होते. खुद्द तिचं म्हणाल तर ती चौदा हिवाळे या वर्तुळात होती आणि एकूण निकालात पहिल्या तिघींच्या लाकडी पायरीवर एकदाही चढली नव्हती. चौथी, सहावी, पाचवी. वर्तमानपत्रं तिला भरवशाची म्हणायची. भरवशाची म्हणजे जिच्याकडे बघण्याची गरज नाही अशी. तिला ती पायरी हवी होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं होतं तरी काय, पण बसच्या काळ्या खिडकीत टिल्डाचं डुलकी घेणारं डोकं बघताना तिला स्वच्छ कळलं की आपल्याला ती हवी आहे, एकदाच, आणि पप्पा गेल्यानंतर ती जास्तच हवीशी झाली आहे, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा दाखवायला कुणी उरलं नाही.

पप्पा फेब्रुवारीत गेला. शरदात कळलं होतं की पोटात काहीतरी आहे, आणि मम्माने फोनवर "काहीतरी आहे" एवढंच सांगितलं होतं. दर रविवारी फोन व्हायचा. आधी मम्मा, मग पप्पा. "कसा आहे बर्फ तिकडे?" तो विचारायचा. ती सांगायची, ओला आहे, कोरडा आहे, दाणेदार आहे, स्कीला थंडीचं निळं मेण लावलं, चाललं नाही. "चालणार नाही," तो म्हणायचा, "हवा फिरली की निळं दगा देतं." मग दोघं गप्प. फोनच्या त्या शांततेत त्याचा श्वास ऐकू यायचा, महिन्या-महिन्याला थोडा अधिक खरखरीत. तिच्या ओठावर यायचं, मी येऊ का. पण शब्द असा होता की उच्चारला तर खरं झालं असतं. मी येऊ का, म्हणजे तू चालला आहेस का. त्यापेक्षा त्यानेच म्हणावं. म्हणेल तो. फक्त "ये" म्हणाला तरी मी त्याच दिवशी स्की बांधून निघेन, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं, आणि मनाशी पक्कं केल्यामुळे तिला शांत झोप लागायची. तो म्हणाला, "थंडी बरी पडलीये इकडे. दलदलीपर्यंत चाकोरी पाडली काल." जानेवारीतसुद्धा म्हणाला. नंतर कळलं, जानेवारीत तो स्कूटरवर बसूच शकत नव्हता, शेजारचा पाडत होता, आणि पप्पा खिडकीतून बघून म्हणायचा, वाकडी पाडतोय. ती एस्टोनियात होती, शर्यतीच्या आदल्या दिवशी, स्कीला मेण घासत, आणि फोन आला, आणि तो दिवस रविवार नव्हता.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती आणि तो नेहमीचा सँडविचचा केक, कोळंबी घातलेला, ज्याची चव प्रत्येक मयताला सारखी असते. मम्मा तिच्या शेजारी बसली. बराच वेळ चमचा बशीत ठेवला, उचलला. "मी दोनदा फोन हातात घेतला होता," मम्मा म्हणाली. "तो म्हणाला, ठेव. तिचा मोसम चालू आहे." "तू तरी करायचास, मम्मा." "मी केला असता. पण वाटलं, तू विचारशील. विचारलं असतंस तर मी म्हणणार होते, ये." "मला वाटलं, तुम्ही बोलवाल." मम्माने श्वास आत ओढून "हो" म्हटलं. तिघं तीन ठिकाणी बसून एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते, आणि एवढ्यात एक जण उठून गेला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. त्यांच्या घरात ही भीडच थोरली लेक होती, तिच्यापुढे कुणाचं चालायचं नाही. उल्रिकाला रडू आलं नाही, तिला राग आला, पण मेलेल्या माणसावर रागावता येत नाही आणि जित्या आईवर रागवायची सोय नव्हती, म्हणून ती केकचा दुसरा तुकडा घेऊन आली आणि तो सगळा संपवला. आठवड्याने ती पुन्हा शर्यतीत होती. लोक म्हणाले, खंबीर आहे. ती खंबीर नव्हती. तिला दुसरीकडे कुठे जायचं हे माहीत नव्हतं.

फालूनला दोन दिवस बरे गेले. एकट्याने सुटायच्या छोट्या शर्यतीत ती पुढे सरकली, सगळ्यांनी एकत्र सुटायच्या शर्यतीत आणखी सरकली, आणि शेवटच्या दिवसाच्या सकाळी एकूण निकालात ती चौथी होती आणि टिल्डा पाचवी. पहिल्या दोघी नॉर्वेच्या, त्यांचं काही होण्यासारखं नव्हतं, त्या फार पुढे निघून गेल्या होत्या. तिसरी मार्युत नावाची फिनलंडची बाई, उल्रिकाच्याच वयाची, कणखर, वळणांवर जरा भित्री. शेवटच्या दिवशी पाठलाग असतो. तोवरची सगळी वेळ मिळवून जी पुढे ती आधी सुटते, आणि बाकीच्या जेवढ्या मागे असतील तेवढ्या मागाहून सुटतात. जी आधी पोचली ती जिंकली. हिशेब डोळ्यांना दिसतो, म्हणून लोकांना आवडतो. ऊन कडक होतं. ताज्या पाडलेल्या चाकोऱ्या सकाळी टणक होत्या, पण दुपारपर्यंत उघड्यावरच्या सगळ्या बसणार हे कुणालाही दिसत होतं. स्कीला ट्यूबमधलं लाल चिकट मेण लागलं होतं, जे हाताला, केसांना, पावालाही लागतं. स्टेलान दोघींना घेऊन संघाच्या मेण लावायच्या ट्रकमागे गेला. "मी काही सांगणार नाही," तो म्हणाला. "माहितीये," उल्रिका म्हणाली. "तुम्ही दोघी मिळून गेलात तर मार्युत हाती लागेल. एकेकटी नाही लागणार. पण ते तुम्ही ठरवा. जसं वाटेल तसं." टिल्डाने विचारलं, "कसं वाटायला हवं?" "ते तुला वाटेल तसं," स्टेलान म्हणाला, पुडी जिभेने सारखी केली आणि निघून गेला. टिल्डा हसली. "हा माणूस घर पेटलं तरी म्हणेल, धूर ज्याचा त्याने ठरवावा." "मी पहिल्या चढाला थांबते तुझ्यासाठी," उल्रिका म्हणाली. "मग आळीपाळीने पुढे राहू." "आळीपाळीने," टिल्डा म्हणाली, आणि तिने मिठी मारली तेव्हा तिच्या जॅकेटला दालचिनीचा वास होता.

थांबणं सोपं गेलं. पहिल्या चढावर उल्रिकाने पाय सैल सोडले, आणि मागून ओळखीचा, लहान लहान पावलांचा आवाज आला. दोघी मिळून निघाल्या. पहिली फेरी अशी गेली की तसं पुन्हा कधी होत नाही. कधी ही पुढे, कधी ती, न बोलता, वळणावर पुढची जरा बाहेर व्हायची आणि मागची आत शिरायची, आणि पोटातला जोर आपला आहे की दुसरीचा हे कळत नव्हतं. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला मार्युतची पाठ दिसली. निळी पाठ, वळणावर दिसायची आणि झाडांत जायची. उल्रिका पुढे होती. मारेकऱ्याचा चढ म्हणतात तो अजून यायचा होता, आणि त्याच्या आधीचा रस्ता जंगलातल्या सावलीतून जातो. तिथे सकाळी दोन चाकोऱ्या होत्या. आता उन्हाकडची एक विरघळून गेली होती, नुसतं पाणी आणि साखरेसारखे दाणे, आणि सावलीतली एकच शाबूत होती, आणि तिच्यात उल्रिका होती. तेव्हाच तिचे पाय गेले. दुखलं वगैरे काही नाही. पायांनी नुसतं ऐकणं सोडलं, मूल ऐकेनासं होतं तसं. ती ढकलत राहिली. निळी पाठ आता वळणावर थोडी उशिरा दिसत होती. मागे टिल्डाच्या काठ्यांची टोकं तिच्या टाचेजवळ, अगदी जवळ, टक टक रुतत होती, आणि टिल्डाचा श्वास एकसारखा होता, एखादी मुलगी पुस्तक वाचत बसलेली असावी इतका एकसारखा. हिच्यात जोर आहे. ही आता ओरडेल. "बाजू!" म्हणेल आणि मी बाहेर होईन. गुडघाभर चिखलात का असेना, होईन. उल्रिका कान देऊन होती. झाडांतून पाणी ठिबकत होतं. कुंपणापलीकडचा कुणी प्रेक्षक गाईच्या गळ्यातली घंटा वाजवत होता. ओरड. तिने मान वळवून बघितलं नाही, कारण बघितलं की सगळंच कळणार होतं. हाक आली नाही तर मुळीच बाहेर व्हायचं नाही. उगाच बाहेर होणारा दोघांची लय मोडतो. कदाचित तीही दमली असेल. कदाचित माझ्या मागे राहून श्वास घेत असेल. कदाचित शहाणी असेल, शेवटासाठी राखत असेल. एवढी कारणं एका चढाच्या पायथ्याशी मिळाली, आणि सगळ्यांच्या तळाशी ते एकच बसलं होतं, की बाहेर झाले की संपलं, चौदा हिवाळे संपले, पायरी गेली, आणि ते मला माझ्या हाताने करायचं नव्हतं. कुणी करायला लावलं असतं तर केलं असतं. टक टक टक. निळी पाठ चढावर दिसली, वर गेली, नाहीशी झाली.

स्टेडियमच्या तोंडाशी रस्ता रुंद झाला आणि टिल्डा सुटली. बाजूने नुसती वाऱ्यासारखी गेली, आणि तिचं ते जाणं बघून उल्रिकाच्या छातीत लख्ख झालं की हे सगळं हिच्यात तेव्हाही होतं, जंगलातही, सगळंच्या सगळं. माणसं उभी राहून ओरडत होती, पिवळे-निळे झेंडे, मार्युतची निळी पाठ जवळ आली, अजून जवळ, आणि रेघ आली. मार्युतने पाय पुढे फेकला. टिल्डानेही फेकला. एका स्कीच्या लांबीचाही फरक नसेल. तिसरी मार्युत, चौथी टिल्डा, आणि मग बऱ्याच वेळाने, टाळ्यांच्या ओसरत्या आवाजात, पाचवी उल्रिका.

निरोप घेणारीला फुलं देतात तशी तिला दिली. दोघीतिघींनी तिला खांद्यावर उचललं, कुणीतरी माइकवर तिचं नाव दोनदा चुकीच्या हेलात घेतलं, आणि मम्माचा फोन आला की टीव्हीवर दिसलीस, केस विंचरले नव्हतेस. स्टेलान टिल्डाजवळ आला. "सुंदर गेलीस," तो म्हणाला. "संघाची यादी उन्हाळ्याआधी लागेल. बघू." टिल्डाने मान हलवली. उल्रिकाने तो शब्द ऐकला आणि हातातली फुलं कुठे ठेवावीत ते तिला कळेना. नंतर मेणाच्या ट्रकमध्ये टिल्डा उलट्या खोक्यावर बसली होती, बूट काढलेले, मोजे ओले, हातात पाव होता पण ती खात नव्हती. म्हणून उल्रिकाला विचारावं लागलं.

"का ओरडली नाहीस?"

"कधी?"

"जंगलात. चढाखाली. तुझ्यात जोर होता."

टिल्डाने श्वास आत ओढून "हो" म्हटलं.

"मग?"

"वाटलं, तू आपणहून सोडशील." टिल्डा पावाचे तुकडे करत होती. "आळीपाळीने म्हणाली होतीस."

"मी कान लावून होते तुझ्या हाकेला. एक शब्द. एकदा म्हणाली असतीस तर झाले असते बाहेर."

"माहितीये गं. म्हणूनच नाही म्हटलं." तिने उरलेला पाव मुठीत चुरला. "तुझी शेवटची शर्यत. आणि फेब्रुवारीत तुझे पप्पा गेले. अशा माणसाला मागून बाजूला हो म्हणतात का? मी नाही म्हणू शकले. तोंड उघडलं होतं मी. दोनदा उघडलं."

दोनदा. मम्मानेही फोन दोनदाच हातात घेतला होता. "म्हणायचं!" उल्रिका ओरडली, आणि ट्रकमधल्या मेणवाल्यांनी माना वर करून लगेच खाली घातल्या. "म्हणायचं असतं, टिल्डा! माणसं म्हणत नाहीत आणि मग—" तो राग टिल्डावरचा नव्हता. फेब्रुवारीपासून तो तिच्या अंगात पत्ता शोधत फिरत होता. टिल्डा रडत होती, आवाज न करता, पावाचा चुरा मांडीवर. आणि उल्रिकाच्या मनात आलं की हिने तोंड उघडलं होतं आणि मी कान उघडले होते, आणि दोघींच्या मध्ये काठीभराचं अंतर होतं, आणि एवढ्याशा अंतरात एका पोरीचं पुढचं वर्ष पडलं. सोडणं माझ्या हातात होतं. हाकेची गरज नव्हती. मागची किती जवळ आहे हे टाचेला कळत होतं. फोनमधला श्वास किती खरखरीत झाला हेही कानाला कळत होतंच की.

"ऊठ," ती म्हणाली. "पाय मोकळे करून येऊ. नाहीतर उद्या उठवणार नाही."

दोघी त्याच जंगलात गेल्या. कुंपणापलीकडचे लोक गेले होते, कागदी पेले आणि सॉसेजचे द्रोण तेवढे पडले होते. ऊन तिरपं झालं होतं आणि सावलीतली चाकोरी पुन्हा आवळत चालली होती. उल्रिका पुढे, टिल्डा मागे. थोडं अंतर गेल्यावर उल्रिका म्हणाली, "ओरड."

"काय?"

"ओरड. जसं ओरडायला हवं होतंस तसं."

"वेडी आहेस का? आता काय उपयोग?"

"ओरड म्हणते ना."

"बाजू," टिल्डा म्हणाली, चर्चमध्ये बोलावं तसं.

"हे मला ऐकू आलं नाही. मी पुढे आहे, थकलेय, माझे पप्पा गेलेत. माझ्या टाचेवर तुझं सगळं वर्ष आहे. ओरड."

मग टिल्डा ओरडली. घशातून, पोटातून, सगळं एकदम, "बाजूऽऽ!" आणि झाडावरून एक पक्षी फडफडत उठला. उल्रिकाने एक पाऊल बाहेर टाकलं. सडक्या बर्फात तिचा पाय गुडघ्यापर्यंत गेला, मग दुसरा. टिल्डा शेजारून निघून गेली, डोळे पुसत, न थांबता, न वळता, जसं जायचं असतं तसं, आणि वळणावर तिची पाठ दिसेनाशी झाली. तिच्या स्कीचा आवाज थोडा वेळ आला, मग तोही गेला.

आता पुन्हा चाकोरीत शिरायला हरकत नव्हती. उल्रिका शिरली नाही. ती गुडघाभर बर्फात तशीच उभी राहिली आणि आल्या रस्त्याकडे वळून बघू लागली. दोन्ही खाचा झाडांमधून सरळ मागे गेल्या होत्या, रिकाम्या.

"पप्पा, ओरड ना," ती म्हणाली.

बुटांत पाणी शिरलं होतं. ती बाजूलाच उभी राहिली.